फिरती पेटी आणि बंद इंजिन

४ नोव्हेंबर

प्रिय इंजिना,

जिवंत आहेस की पेटी घेऊन पळालास?

तुझ्याकडे पेटी रवाना करून दीड महिना होत आला. पोचल्याची एक ओळ नाही. मास्तरचं काही नाही, तो आपल्या बँडमध्ये दंग असतो. पण तुझ्यानंतर पाळी कप्तानाची आहे आणि त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे. त्याचं चार ओळींचं पत्र आलंय, त्यातल्या तीन ओळी तुझ्या घराण्याबद्दल आहेत.

अरे, नियम तो काय एवढासा! पेटीतला एक सिगार घ्यायचा, त्याच्या तोडीचा एक ठेवायचा, झाकणाच्या आत चार शब्दांची चिठ्ठी लावायची आणि पेटी पुढच्याला धाडायची. बावीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या बसच्या सावलीत चार अनोळखी माणसांनी ठरवलं आणि आजवर कुणी खंड पाडला नाही. बसचं इंजिन बंद होतं, तू मात्र धूर सोडत चालू होतास, म्हणून तर तुझं नाव इंजिन पडलं. आता तूच वाटेत थांबलास तर कसं व्हायचं?

या खेपेचंही पॅकिंग मी जातीने केलंय. सिगार वाटेत सुकू नयेत म्हणून माझ्या दवाखान्यातल्या कापसाच्या वळ्या ओल्या करून कडेकडेने बसवल्यात. पेशंटच्या गालात ठेवतो ना, त्याच. असं पॅकिंग मंडळात दुसऱ्या कुणाला जमत नाही. तुम्ही तोंडाने कधी म्हणत नाही, पण मला कळतं.

मागच्या फेरीत तू ठेवलेला तो जाडा, काळपट सिगार मी घेतला. काय सांगू! ताबडतोब लिही.

तुझा,
अक्कलदाढ


११ नोव्हेंबर

दंतवैद्य महोदय,

तुमचं पत्र मी फोडलं. पाकिटावर ‘इंजिन’ लिहिलेलं पत्र या घरात एकाच माणसाचं असू शकतं, आणि सध्या त्या माणसाचं टपाल मी बघते.

ते जिवंत आहेत. पेटी घेऊन पळालेले नाहीत. पळणं सोडाच, त्यांना जिना चढायचीही बंदी आहे. सप्टेंबरात त्यांना हृदयाचा झटका आला आणि छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागली. तुमचं पार्सल आलं त्या दिवशी ते अतिदक्षता विभागात होते. माझं औषधांचं दुकान आहे, रोज खोकी येतात, म्हणून मी न बघता सही केली. घरी येऊन उघडते तो काय, आत हे!

धूर पूर्ण बंद, असं त्यांच्या डॉक्टरांनी बजावलंय. तुम्हीही डॉक्टरच, दातांचे का होईना. तेव्हा तुम्हाला हृदय म्हणजे काय ते समजवायला नको. पेटी मी दुकानातल्या कपाटात कुलपात ठेवलीय, खोकल्याच्या औषधांशेजारी. तिथे ती शोभतेही.

पेटी परत हवी असेल तर मला लेखी द्या की आमचा पत्ता तुमच्या मंडळातून कायमचा काढला. नाहीतर ती आज पुढे जाईल आणि वर्षभरात फिरून पुन्हा माझ्या दारात येईल. मला हे नको आहे.

त्यांची तब्येत उत्तम आहे. मजेत आहेत.

(इंजिनाची बायको)


१६ नोव्हेंबर

आदरणीय वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीवर बसलो. पेशंटच्या खुर्चीवर. पेशंट उभाच राहिला.

आम्ही त्याच्या नावाने बोटं मोडत होतो आणि तो तिकडे छाती उघडून पडला होता! ‘जिवंत आहेस की’ हे शब्द मी कोणत्या तोंडाने लिहिले? वहिनी, त्याला सांगा... नको, काही सांगू नका. नुसता हात धरा आणि म्हणा, अक्कलदाढ विचारत होता.

तुम्ही मागितलंत ते लिहून देतो. तुमचा पत्ता मंडळाच्या यादीतून मी आज काढला. लिहिताना हात चालत नव्हता. बावीस वर्षांत त्या दुपारनंतर आम्ही चौघे पुन्हा एकत्र भेटलो नाही. पेटी फिरत होती आणि झाकणातल्या चिठ्ठ्या, एवढंच काय ते. पण माणसाच्या जिवापुढे पेटी काय चीज आहे.

आता विनंती. पेटी कृपा करून थेट कप्तानाकडे पाठवा. पत्ता खाली देतो. फेरीबोटीवर कप्तान आहे, आवाज मोठा, मन तितकंसं वाईट नाही. पॅकिंग मात्र मी सांगतो तसंच करा. सिगार जागच्या जागी गच्च बसले पाहिजेत, पण दाबायचे नाहीत. मोकळी जागा मऊ कागदाने भरा. पेटीला दोन रबरी पट्ट्या लावून ती हवाबंद पिशवीत घाला. पिशवीत ओल्या स्पंजचा तुकडा ठेवा, मात्र तो सिगारला टेकता कामा नये. पिशवीला दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, त्यावर मोठं खोकं, खोक्यात चुरगळलेली वर्तमानपत्रं. हलवून बघा. आतून आवाज आला तर पुन्हा उघडा. आणि पार्सल सोमवारी टाका, म्हणजे रविवारी ते पोस्टातल्या पत्र्याखाली भाजत पडणार नाही.

ओल, वहिनी, ओल विसरू नका. सगळं त्यावर आहे.

तुमचा,
दंतवैद्य (त्याचा अक्कलदाढ)


२७ नोव्हेंबर

डॉक्टर,

पेटी सोमवारी कप्तानांकडे रवाना केली. पुठ्ठा, खोकं, वर्तमानपत्रं, सगळं तुमच्या सांगण्याबरहुकूम. हलवून बघितलं, आवाज नाही.

ओलीचं मात्र मी ऐकलं नाही. अहो, माल पाण्यात भिजवून पाठवा असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. निम्मं आयुष्य मी गोळ्या, पुड्या, पावडरी बांधून पाठवतेय. ओल म्हणजे बुरशी. तुमच्या कापसाच्या ओल्या वळ्या मी आधी काढून फेकल्या. त्यांच्या जागी औषधाच्या बाटल्यांत असतात त्या सिलिका जेलच्या पुड्या भरल्या. हाताशी होत्या तेवढ्या सगळ्या घातल्या, कंजुषी केली नाही. माल वाटेत जराही दमट होणार नाही, याची खात्री बाळगा.

पार्सल कसं बांधायचं असतं ते कप्तानांनाही कळेल. हा विषय आता संपला.

(इंजिनाची बायको)


१२ डिसेंबर

आदरणीय वहिनी,

रागावू नका, मी शांतपणे लिहितोय. हे चौथं पत्र आहे, आधीची तीन फाडली.

कप्तानाने पेटी उघडली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आत सिगार नव्हते, गवताची गंजी होती. एक उचलला तर टरफलासारखा फुटला. दुसऱ्याला नुसतं बोट लावलं, त्याचा भुगा त्याच्या मांजरावर पडला. मांजर अजून शिंकतंय. मला धाडलेल्या पत्रात त्याने तुमच्याबद्दल काही लिहिलेलं नाही, कारण बायकांबद्दल तो वाईट लिहीत नाही. सगळं माझ्याबद्दल आहे.

वहिनी, सिगार म्हणजे गोळी नव्हे. ते पान आहे. ते ओलीवर जगतं. हवेत आपल्याला बरी वाटते त्याहून थोडी जास्तच ओल त्याला लागते. ती गेली की तेल उडतं, वरचं पान तडकतं, आणि मग पेटवलं तर कागद जाळल्यासारखी चव लागते. तुम्ही पुड्या घातल्यात त्याने एखाद्याची ओली भिंत सुकली असती! त्या पेटीत मास्तरने सात वर्षं मुरवलेला एक सिगार होता. मास्तरला अजून कळवलेलं नाही. माझी छाती होत नाही.

कप्तानाने रागाच्या भरात पेटी, भुग्यासकट, ‘जिथून आली तिथे परत’ म्हणून तुमच्याकडेच धाडली आहे. आली तर फेकू नका, एवढंच.

इंजिन कसा आहे?

तुमचा,
दंतवैद्य


९ जानेवारी

डॉक्टर,

पेटी आली. उघडली आणि मला माझीच लाज वाटली. माझ्या हातून आजवर एकही पार्सल खराब गेलं नव्हतं. चुकीचं औषध गेलं नाही, बाटली फुटली नाही. आणि तुम्ही चांगलं बजावून सांगितलेलं असताना मी शहाणपणा केला. नुकसान मी भरून देणार. माफी वगैरे मला नीट मागता येत नाही, भरपाई येते.

बाजारात एक तंबाखूचं दुकान आहे. तिथला माणूस मला ओळखतो, खोकल्याचं औषध माझ्याकडूनच नेतो. त्याच्याकडून सिगार घेतले आणि दमटपणा मोजायचं छोटं घड्याळ घेतलं. यंत्रावर माझा एकदम विश्वास बसत नाही, म्हणून आधी त्याचीच परीक्षा घेतली. बाटलीच्या बुचात ओलं मीठ, ते आणि घड्याळ एका डब्यात बंद. ओल्या मिठाशेजारी बंद हवेचा दमटपणा पंच्याहत्तर टक्क्यांवर थांबतो, म्हणजे काटा पंच्याहत्तरावर यायला हवा होता, आला एकोणसत्तरावर. म्हणजे घड्याळ सहाने खोटं बोलतं. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन डबे मांडले, प्रत्येकात एक सिगार आणि कमीजास्त ओला स्पंज, डिस्टिल्ड पाण्यातला. रोज सकाळी नोंद.

आता जे लिहिणार आहे ते आधीच लिहायला हवं होतं. मी कळवलं होतं तसे हे मजेत नव्हते. हॉस्पिटलातून आल्यापासून खिडकीशी बसून होते. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, पेन्सिल हातात धरेना. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. बोलणं हो-नाहीपुरतं. औषधं सगळी बरोबर चालू होती, मी स्वतः देत होते. पण माझ्या दुकानात ज्याची गोळी मिळत नाही असं काहीतरी झालं होतं आणि मी घाबरले होते.

त्या दिवशी मी डबे बघत होते तर मागून आवाज आला, “मधल्यात पाणी जास्त झालंय. पान फुगेल.” वळून बघते तर हे उभे! तेव्हापासून सुरू झाले ते थांबत नाहीत. माझी नोंदवही काढून घेतली, म्हणाले, तुझे रकाने वाकडे आहेत.

सिगार पेटवू देत नाही, याची खात्री बाळगा.

जाता जाता एक. तुमची पेटी उघडली की दाताच्या दवाखान्याचा वास येतो. मला वाटलं खोकल्याच्या औषधांमुळे असेल. यांना विचारलं तर हसायला लागले. म्हणाले, तुमच्या त्या कापसाच्या वळ्यांना लवंगेचं तेल लागलेलं असतं, पहिल्यापासून. सगळ्यांना माहीत आहे, तुम्हाला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. सांगितलेलं बरं, म्हणून सांगितलं.

(इंजिनाची बायको)


१५ जानेवारी

वहिनी,

इंजिन बोलायला लागला हे वाचून मी दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि मनसोक्त रडलो.

मग पुढचा परिच्छेद वाचला.

बावीस वर्षं! मी एकेक वळी निवडून घेत होतो. मी कप्तान आणि मास्तर दोघांनाही पत्र टाकून सरळ विचारलंय: हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आजवर आणखी काय काय लपवलंत? उत्तरं येईपर्यंत मी मंडळाच्या चिटणीसपदाचा राजीनामा देत आहे. तो कुणाकडे द्यायचा हे कळत नाही, कारण चिटणीस मीच. सध्या टेबलावर ठेवलाय.

दंतवैद्य


६ फेब्रुवारी

भाऊजी,

फुगून बसायचं वय आहे का हे? लवंगेचा वास वाईट असतो असं मी कुठे म्हटलं? फक्त तो सिगारला यायला नको.

पेटी तयार होतेय. म्हणजे ती कधीच तयार झाली होती, पण घरात आता एक पॅकिंग खातं उघडलंय आणि त्याचे साहेब काहीच मंजूर करत नाहीत. यांनी पार्सलचा नकाशा काढलाय. वरून, समोरून आणि मधून कापल्यासारखा. पहिलं खोकं त्यांनी मला जिन्यावरून खाली टाकायला लावलं. ते खाली कान लावून बसले होते. शेजारच्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं हेच पडले. दुसरं खोकं टाकायला मी पोस्टमनला दिलं, म्हटलं, एरवी टाकता तसंच टाका. तो ओशाळला, पण टाकलं त्याने झकास. तिसऱ्या खोक्यातून आवाज आला नाही, तेव्हा साहेबांनी सही केली.

एक अडचण होती. ओल बरोबर आहे की नाही हे शेवटी ओढल्याशिवाय कळत नाही, आणि यांना ओढता येत नाही. मग कुणी ओढायचा? मी कुठलंही औषध तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही.

तर भाऊजी, मी ओढला. गॅलरीत खुर्ची टाकून बसले, काचेचं दार बंद करून. हे आत, काचेला नाक लावून. धुराचा कणही आत जाऊ दिला नाही. ते आतून ओरडत होते, “हळू ओढ! राख झाडू नकोस! घोट पोटात नेऊ नकोस!” अर्धा होईपर्यंत मला मळमळलं. पण अर्ध्यानंतर, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आता आठवड्याला एक तपासते. तपासणीपुरताच.

एक गोष्ट तुमच्या कानावर घालते, ती तुम्हाला सांगितलीय असं यांना दाखवू नका. परवा पार्सल बांधता बांधता हात थांबवून म्हणाले, “हे माझं शेवटचं. ओढत नाही त्याचं मंडळात काय काम? ते लोक धुराचे मित्र, माझे नव्हेत.” मी सुतळीची गाठ आवळली. पण तो पत्ता यादीतून काढून घ्यायला मीच लावला होता, आणि तो ‘कायमचा’ शब्द मला आता टोचतोय. तुमचं लेखी मी चुलीत घातलं. तुमचं मंडळ मात्र काय ठरवेल ते मला माहीत नाही. न ओढणाऱ्या माणसाला तुम्ही ठेवाल का? खरं काय ते सांगा. खोटी आशा मी त्यांच्यासमोर नेणार नाही.

तुमची,
वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी एकट्याने कसं देणार? म्हणून दोघांच्या उत्तरांची वाट बघत थांबलो. आली. पोस्टमन समोरच उभा होता, त्यालाही वाचून दाखवली, इतका मी हबकलो.

मी विचारलं होतं, आणखी काय लपवलंत. कप्तान लिहितो: लवंगेचं खरं आहे, आणि आता विचारतोच आहेस तर, छातीच्या त्रासामुळे मी चार वर्षं सिगारला तोंड लावलेलं नाही. मुलगी लावू देत नाही. पेटी आली की एक घेतो, एक ठेवतो, घेतलेला बोटीच्या कपाटात ठेवतो. कपाट भरलंय. वहिनी, हा तोच कप्तान, जो भुगा बघून एवढा कळवळला!

मास्तर लिहितो: बँडमध्ये तुतारी फुंकायला दम पुरेना म्हणून सिगार केव्हाच सोडला. वासापुरता घेतो. तुम्ही मंडळातून काढून टाकाल म्हणून बोललो नाही.

आणि तुमचा हा दंतवैद्य! माझ्या स्वतःच्या हिरड्या दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हाच सिगार सुटला. लोकांना दात सांभाळा म्हणून सांगणारा मी, कोणत्या तोंडाने तक्रार करू! इंजिनाने ठेवलेला तो जाडा, काळपट मी घेतला तो अजून टेबलाच्या खणात आहे. रोज उघडून बघतो. ‘काय सांगू’ असं लिहिलं होतं ना, ते त्यामुळेच, सांगण्यासारखं काही नव्हतंच.

म्हणजे आम्ही तिघे एकमेकांना घाबरून, ओढतोय असं दाखवत पेटी फिरवत होतो. खरा धूर काढणारा एकटा इंजिन होता आणि आम्हाला वाटायचं, आपण सिगार सोडला हे त्याला कळलं तर तो आपल्याला सोडेल. आणि तो म्हणतो, आम्ही धुराचे मित्र! माझ्यातर्फे त्याच्या पाठीत एक गुद्दा घाला. टाके सांभाळून.

मंडळाचा निर्णय कळवतो. तिघांनी एकमताने घेतलाय. इंजिन होता तसाच सभासद आहे. त्याचं नाव मी यादीत पुन्हा घातलेलं नाही, कारण काढलेलंच नव्हतं. त्या दिवशी पत्त्यावर पेन्सिलीने रेघ मारली होती, तीही मारवेना म्हणून अगदी हलकी. पॅकिंगचं सगळं खातं यापुढे त्याच्याकडे. आणि सध्या मंडळात प्रत्यक्ष सिगार ओढणारं माणूस एकच उरलंय, ते तुम्ही, तेव्हा तज्ज्ञ म्हणून तुमचीही नेमणूक झाली आहे. हे पत्र त्याला वाचायला द्या. माझ्याकडून लपवालपवी पुरे झाली.

तुमचा भाऊजी,
अक्कलदाढ


१० मार्च

अक्कलदाढ,

तुझं पत्र हिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. कप्तानाच्या कपाटापाशी मला इतकं हसू आलं की छाती दोन्ही हातांनी धरून बसावं लागलं. हिला वाटलं परत झटका आला. नाडी मोजली, मग तीही हसायला लागली.

गाढवांनो, चार वर्षं! मी प्रत्येक फेरीला माझ्याकडचा सगळ्यात चांगला सिगार तुमच्यासाठी ठेवत होतो आणि तुम्ही त्यांची कपाटं भरत होतात.

हॉस्पिटलात पडल्या पडल्या मी एकच विचार करत होतो. आता माझ्याकडे कुणी पत्र का पाठवेल? हिच्याजवळ बोललो नाही, ती आधीच धास्तावलेली. घरी आलो तरी तेच डोक्यात. धूर गेला म्हणजे तुम्ही गेलात, असं मी धरून चाललो होतो. माझं चुकलं. पण तुमचं माझ्याहून जास्त चुकलंय, हे लक्षात ठेव.

ही आता छान ओढते. जरा औषध घेतल्यासारखी ओढते, पण शिकतेय. काचेमागून तिला सूचना देऊन देऊन माझा घसा पार बसला. परवा तपासणीला गेलो तर डॉक्टर आवाज ऐकून संशयाने म्हणाले, “खरं सांगा, अजून ओढता ना?” मी म्हटलं, मी नाही, बायको ओढते. त्यांनी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, तपासणीपुरता. ते अजून विचारात आहेत.

आता ऐक. बावीस वर्षं खोकी इकडून तिकडे फिरवली, आता माणसं फिरवू. एप्रिलात तुम्ही तिघे इकडे या. तुमच्यापैकी धूर कुणी काढणार नाहीच, म्हणजे बाहेर बसायचं कारण नाही. गॅलरीत हिला एकटीला आरामात बसू दे. काचेच्या आतल्या बाजूला चार खुर्च्या बसतात. मी आज टेप लावून मोजलं आणि कागदावर आखूनही बघितलं. तुझी खिडकीकडची.

इंजिन